येसूवहिनींची अर्धी भिंत

परवा एका मासिकात कुणा गृहस्थाने जुन्या स्वयंपाकघरांची थोरवी गायलेली वाचली. तो गार अंधार, तो चुलीचा तांबूस उजेड, सोवळ्यातल्या माउलीची ती मंद हालचाल, वगैरे वगैरे. लेखकाचे नाव मी मुद्दाम पाहिले. पुरुषाचेच होते. हा मनुष्य त्या गार अंधारात पाटावर बसून जेवण्यापलीकडे घटकाभर थांबला असेल तर मी माझे नाव बदलीन. मासिक मिटून ठेवले आणि दिवसभर घरातल्या माणसांवर उगाच खेकसत राहिले. मला येसूवहिनी आठवत होत्या.

आम्ही तेव्हा कल्याणला होतो. हे रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून, ठाण्याहून बदलून आलेले. खाडीच्या अंगाला असलेल्या एका गल्लीत आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. आमचे मागचे अंगण आणि शेजारच्या मोठ्या घराचे मागचे अंगण एकच, विहीरही एकच. त्या मोठ्या घरातल्या धाकट्या सूनबाई म्हणजे येसूवहिनी. मी विशीची आणि त्या पस्तिशीच्या आतबाहेर. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, तरतरीत. पदराचे एक टोक कायम ओले, कारण डोळे पुसपुसून ते वाळायला सवडच मिळत नसे.

त्यांची एक सवय मला पहिल्या आठवड्यातच दिसली. स्वयंपाक आटोपला की त्या बाहेर येत, विहिरीच्या काठाला हात टेकून उभ्या राहत, डोळे दोन-चारदा मिटून उघडत आणि खाडीकडे बघत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत. मला वाटले, सूर्याला नमस्कार करीत असतील. एके दिवशी जवळ जाऊन ऐकले तर त्या माड मोजीत होत्या. खाडीपलीकडे एका ओळीत सात माड होते. डावा डोळा झाकून पाच भरत, उजवा झाकून सात. "लग्न होऊन आले तेव्हा दोन्हींनी सात दिसायचे," त्या म्हणाल्या, आणि घागर उचलून आत गेल्या. चार महिन्यांनी पाचाचे चार झाले, तेही मला त्यांनी असेच घागर भरता भरता सांगितले.

त्या घराचे आख्यान गल्लीत सर्वांना पाठ होते. तिथल्या सुनांचे डोळे चाळिशीच्या पुढे टिकत नसत. आजेसासूचे गेले, सासूबाईंचे गेले, थोरल्या जाऊबाई डोळ्यांनी अधू होऊनच वारल्या. कुणा पूर्वजाच्या हातून कुळधर्म चुकला होता, देवीचा कोप झाला होता आणि म्हणून घरच्या लक्ष्म्या आंधळ्या होत, असे सांगत. लेकींचे डोळे मात्र शाबूत राहत, कारण त्या परक्या घरी जात. पुरुषांचेही शाबूत राहत, त्याचे कारण कुणी विचारीत नसे. देवी एवढी निवडून कोपते कशी, हा प्रश्न त्या घरातल्या एकाही शहाण्याला पडला नव्हता.

येसूवहिनींना पडला होता, आणि उत्तरही सापडले होते. "धूर आहे तो," त्या म्हणत. हे त्यांचे पालुपदच होते. कुणी कशाचे लांबलचक कारण सांगू लागले, ग्रह, दृष्ट, पूर्वजन्म असे काही निघाले, की त्या भाजी चिरता चिरता म्हणत, "धूर आहे हो तो, दुसरं काही नाही." धुराचा जिथे काही संबंध नसे तिथेसुद्धा म्हणत. आमच्याकडे दूध नासले तेव्हाही म्हणाल्या होत्या.

ते स्वयंपाकघर मी दारातून पाहिले आहे. आत जायची मला परवानगी नव्हती, पण दारातून दिसले तेवढे पुरे. चांगली पंचवीस पाने वाढता येतील एवढी खोली आणि भिंतीला एक भोक नाही. दार एक, तेही माजघरात उघडणारे. चूल आणि शेजारची वैल आजेसासूच्या वेळची, पुढून खचलेली, म्हणून जाळ आत जायचा सोडून तोंडावर यायचा. वर वाशांवर काजळी बोटभर जाड. दिवसा तांदूळ निवडायचे तर माजघरात, पीठ मळायचे तर अंदाजाने. धूर जायचा कुठून, तर बाईच्या नाकाडोळ्यांतून.

घर काही भिकेला लागलेले नव्हते. पण पैशाच्या किल्ल्या थोरले दीर नाना यांच्या कमरेला, आणि नानांचे सगळे लक्ष ओसरीवर. त्या वर्षी ओसरीवरची जुनी नळीची कौले काढून नवी मंगलोरी कौले घातली. भिंतींना चुन्याचा गुळगुळीत गिलावा झाला. छताला काचेच्या हंड्या टांगल्या, त्यांत तेल कधी पडले नाही, पण येणाराजाणारा मान वर करून बघत असे. येसूवहिनींचे यजमान म्हणजे नानांचे धाकटे भाऊ. माणूस सज्जन, पण थोरल्या भावापुढे तोंड उघडायचे ते जेवायलाच. वहिनींनी त्यांच्यामार्फत एकदा विचारून पाहिले की ओसरीचे चालले आहे तोवर स्वयंपाकघराला एक खिडकी पाडता येईल का. नानांचे उत्तर मला विहिरीवर कळले. स्वयंपाकघर कोण बघायला येतंय, असे ते म्हणाले होते.

कोण बघायला येतंय! मला अजून ते वाक्य आठवले की हातातले भांडे आपटावेसे वाटते. दोन्ही वेळा ज्या खोलीतून ताट भरून येते ती खोली कुणी बघत नाही, म्हणून तिच्यात बसणारीने आंधळे व्हावे.

बरे, नानांना भावजयीच्या डोळ्यांची काळजी नव्हती असेही नाही. खूप होती. त्यांनी कुळधर्माचा दोष निवारण्यासाठी मोठे अनुष्ठान घातले. भाद्रपदात एकवीस ब्राह्मण जेवायला सांगितले, पुरणावरणाचा स्वयंपाक. लाकडे ओली. येसूवहिनी पहाटेपासून त्या चुलीपुढे बसल्या, मदतीला एक लांबची आत्या. दुपारी पंगत बसली, आणि तूप वाढायला वहिनी बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे टोमॅटोच्या रंगाचे झाले होते आणि गालांवरून पाणी वाहत होते. पंक्तीतले एक वृद्ध गृहस्थ गहिवरून म्हणाले, काय हा भक्तिभाव, माउलीच्या डोळ्यांना खळ नाही. पंगतीने माना डोलावल्या. नाना कृतार्थ दिसत होते.

मी माजघराच्या दाराआड उभी होते. डोळे वाचावेत म्हणून डोळे जाळायचे, आणि वर त्याला भक्तिभाव म्हणायचे. मला रडू आले ते रागाचे. वहिनींनी मात्र एकविसावे पान वाढून तुपाचे भांडे खाली ठेवले आणि माझ्याकडे बघून सावकाश म्हटले, "धूर आहे तो." त्या दिवशी संध्याकाळी उजव्या डोळ्याने तीनच माड दिसले.

त्यानंतर त्या आपल्या डोळ्यांविषयी फारशा बोलल्या नाहीत. कारण त्यांच्या मुलाचे लग्न ठरले होते. मुलगी भिवंडीची, दुर्गा नावाची. लग्न मार्गशीर्षात, आणि मुलगी शहाणी झाली की वर्ष-दोन वर्षांत नांदायला येणार. येसूवहिनी तिला बघून आल्या आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर मला म्हणाल्या, "गोदूबाई, पोरीचे डोळे फार छान आहेत हो. मोठे, पाणीदार. मी बघतच राहिले." मग दोर सोडता सोडता म्हणाल्या, "माझं झालं ते झालं. ती यायच्या आत मला ती भिंत फोडायची आहे. तिला तिथं बसवायची नाही मी."

बोलायला सोपे होते. पैसा हातात नव्हता, हे एक. पण त्याहून मोठी अडचण वेगळीच होती, आणि ती आमच्याच लोकांत असू शकते. स्वयंपाकघर सोवळ्याचे. तिथे गवंड्याला पाऊल टाकता येत नाही. मग ज्याला भिंत फोडता येते त्याने आत यायचे नाही, आणि ज्यांना आत येता येते त्या पुरुषांना हातात पहार धरायची लाज. म्हणूनच शंभर वर्षे त्या खोलीची एक वीट हलली नव्हती. देवीचा कोप म्हणतात तो हाच असावा.

कोपर गावचा एक गवंडी होता, जानू. उन्हाळ्यात मिठागरात राबे, एरवी चुनामातीची कामे करी. ओसरीचा गिलावा त्यानेच केलेला. सगळे त्याला जान्या म्हणत, येसूवहिनी जानूबा म्हणत. त्यांनी अंगणातून त्याला भिंत दाखवली. तो म्हणाला, भिंत मातीची, दीड हात जाड, फोडायला काहीच नाही, पण भोक पाडायचे तर दोन्ही अंगांनी पाडावे लागेल, नाहीतर आतला पोपडा ढासळून चुलीवर येईल.

मग वहिनींनी जे केले त्याला तोड नाही. त्यांनी आंधळ्या सासूबाईंकरवी शास्त्रीबुवांना एक प्रश्न विचारायला लावला. सासूबाई रोज पुराण ऐकायला जात, म्हातारीला कोण नाही म्हणणार. प्रश्न असा होता की सोवळ्याच्या खोलीची भिंत सोवळी म्हणावी ती कुठवर? आतला पृष्ठभागच, की पूर्ण जाडी, की बाहेरच्या अंगालासुद्धा सोवळेपणा लागतो? शास्त्रीबुवांना असे प्रश्न फार आवडत. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि चारचौघांत, नानांच्या समोर, निर्णय दिला की भिंतीच्या मध्यापर्यंत आतले सोवळे, मध्यापलीकडे बाहेरचे.

नानांनीही मान डोलावली. आपण कशाला मान डोलावली हे त्यांना चार दिवसांनी कळले, जेव्हा जानू अंगणात पहार घेऊन उभा राहिला आणि येसूवहिनी आत पाटावर पाट ठेवून वर चढल्या. बाहेरची अर्धी भिंत तो फोडणार होता, आतली अर्धी त्या. नाना मागच्या दारात येऊन गरजले की या घरात बायकांनी भिंती फोडल्याचे कुणी ऐकलेले नाही, आणि खिडकीतून येणारेजाणारे आत बघतील. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी डोळे नसलेला चेहरा मुलाकडे वळवला.

"नाना," त्या म्हणाल्या, "शास्त्रीबुवांनी सांगितलंय. आणि बघतील म्हणतोस, तर मला तरी कोण दिसतंय? फोडू दे तिला."

नाना ओसरीवर निघून गेले आणि तीन दिवस मागच्या अंगणाकडे फिरकले नाहीत.

येसूवहिनींची अवजारे म्हणजे एक लोखंडी उलथने, एक मोठा खिळा आणि तो ठोकायला जुना, टवका उडालेला वरवंटा. सकाळचा स्वयंपाक उरकला की त्या डोक्याला फडके बांधून भिंतीशी भिडत. बाहेरून जानूची पहार, आतून वहिनींचा वरवंटा. मधूनमधून दोघे थांबून एकमेकांना ठोके देत, म्हणजे नीट समोरासमोर आहोत ना ते कळावे. मी अंगणात माती उपसायला. कुणी बघेल म्हणून आधी लाजत होते, मग लाज गेली.

जागा ठरवताना दोघांत बोलणे झाले होते, जमिनीपासून चार हातांवर. बाहेर अंगण आणि आत स्वयंपाकघर एकाच पातळीत. तेव्हा चूक व्हायला जागाच नव्हती. तरी तिसऱ्या दिवशी दुपारी जानू भिंतीच्या मध्यापर्यंत पोचला, वहिनीही मध्यापर्यंत पोचल्या, आणि दोघांपुढे भिंतच. ठोका द्यावा तर आवाज भलतीकडून येई. जानूने डोके खाजवले.

"वयनी, चार हातच ना वो?"

"चारच. मी दोनदा मोजलेत."

"मीबी चारच मोजलं," तो म्हणाला. मग आपल्या कोपरापासून बोटांपर्यंत पाहत राहिला आणि हसू लागला. "वयनी, माजा हात लांब नाय का? तुमचा केवरासा."

त्याचे चार हात आणि येसूवहिनींचे चार हात यांत चांगल्या दीड वितीचा फरक पडला होता. वहिनींचे भोक खाली, त्याचे वर. मला वाटले आता या बाईचे अवसान गळणार, कारण नानांना हसायला याहून चांगली गोष्ट मिळाली नसती. पण वहिनी आतून म्हणाल्या की बुजवायचे काही नाही, आपल्या आपल्या अर्ध्यात राहून मी वर कोरते, तुम्ही खाली कोरा.

संध्याकाळच्या आत ती दोन भोके तिरकी जोडली गेली. आतून खाली, बाहेरून वर. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटली तेव्हा धूर त्या तिरक्या वाटेने असा सरसर वर निघून गेला की जानूसुद्धा चकित झाला. सरळ भोक पाडले असते तर अर्धा धूर वाऱ्याबरोबर आत परतला असता, असे तो म्हणाला. बाहेरून कुणी डोकावले तर मातीचा उतार दिसे, आतून पाहिले तर आभाळाचा तुकडा. म्हणजे नानांचा तो आक्षेपही संपला. मी अंगणात उभी राहून छपराखालून बाहेर पडणारा तो निळा धूर पाहिला आणि मला इतका आनंद झाला की मी घरात जाऊन एकटीच हसले.

बाकीचे काम वहिनींनी असेच इकडचे तिकडचे जमवून केले. ओसरीच्या गिलाव्यातला चुना एका फुटक्या रांजणात उरला होता, तो चुलीमागच्या भिंतीला फासला, म्हणजे येणारा उजेड दुणावतो. खचलेली चूल मोडून वारुळाच्या मातीची नवी घातली, तोंड अरुंद ठेवून. ह्यांनी मालधक्क्यावर टाकून दिलेल्या घासलेटच्या पेट्या आणून दिल्या, त्यांच्या फळ्या आठ दिवस उन्हात ठेवून, धुऊन, त्यांची मांडणी झाली. भोकाच्या वर बाहेरून टेकू द्यायला एक लाकूड हवे होते. जानूने कुठूनसे आणले, काळेभोर, टणक, पाण्यात मुरलेले. ते एका मोडक्या मचव्याची फळी होती, जन्मभर मासळी वाहिलेली. मला वासावरून कळले. मी वहिनींकडे पाहिले.

"बाहेरच्या अर्ध्यात आहे," त्या शांतपणे म्हणाल्या, आणि जानूने वरून गिलावा ओढला. त्या सोवळ्या घराचे स्वयंपाकघर आजही त्या फळीवर उभे असेल.

पुढे दुर्गा नांदायला आली. त्याच सुमारास ह्यांची बदली इगतपुरीला झाली. निघायच्या दिवशी मी येसूवहिनींना भेटायला गेले. विहिरीवर उभ्या राहून त्या खाडीकडे बघत होत्या, पण मोजत नव्हत्या. उजव्या डोळ्याने आता काहीच दिसत नव्हते, डाव्यावर पडदा येऊ लागला होता. खिडकी त्यांच्यासाठी उशिरा झाली होती. हे त्यांना ठाऊक होते, मला ठाऊक होते, आणि तरी निरोप घेताना मी काहीतरी गुलाबपाण्याच्या घड्यांचे बोलले. त्यांनी मला बोलू दिले.

मग कल्याणला जाणे झाले ते दहा-बारा वर्षांनी, एका लग्नाला. जानू वारला होता, सासूबाईही. आम्ही दोघे त्या घरी गेलो. नाना ओसरीवरच होते, हंड्यांखाली, आता केस पांढरे झालेले. ह्यांना समोर बसवून त्यांनी विडा दिला आणि घराण्याची हकिगत सांगायला घेतली. धाकट्या पातीची सून पाहा म्हणाले, ऐन तारुण्यात आमच्याकडच्या सुनांचे डोळे लाल व्हायला लागत, हिचे बघा कसे स्वच्छ आहेत. अनुष्ठान फळाला आले. मी एकवीस पाने घातली होती, देवी प्रसन्न झाली, असे ते सांगत होते. गावातही आता सगळे तसेच म्हणतात.

मी दाराआडून ऐकत होते. माझे कान तापले. तीन दिवस भिंत कोरणारी बाई आत जिवंत होती, आणि हे गृहस्थ विडा चघळत तिच्या डोळ्यांच्या मोलाने मिळवलेला उजेड आपल्या नावावर लावून बसले होते. मी तशीच आत गेले.

येसूवहिनी स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी बसल्या होत्या. दोन्ही डोळे पांढुरके, उघडे. आता मला कुणी दारात अडवले नाही. आत दुर्गा चुलीपुढे बसून भाकरी थापत होती, आणि वरून उतरणारा उजेड तिच्या हातांवर पडला होता. माझा आवाज ओळखून वहिनींनी हात पुढे केला. मी रागारागाने ओसरीवरचे बोलणे सांगून टाकले, आणि म्हटले की मी आत्ता बाहेर जाऊन सगळ्यांदेखत सांगते भिंत कुणी फोडली ते.

"राहू दे हो," त्या म्हणाल्या. "देवीनं केलं म्हणतात तोवर बुजवणार नाहीत. मी केलं म्हटलं की बुजवतील."

त्यांनी माझा हात सोडला नाही. मला जवळ ओढून, दुर्गाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "तुम्ही एक करा. ही पोरगी मला सांगते डोळे बरे आहेत. घरातले सगळे तेच सांगतात. मला खरं कोण सांगणार? मीही सासूबाईंना बरे आहेत असंच सांगत होते. तुम्ही तिला उजेडात धरून बघा."

मी आत गेले. दुर्गाने पिठाचे हात आखडून घेतले. मी तिची हनुवटी धरून तोंड त्या तिरक्या उजेडाकडे वळवले आणि एक एक पापणी बोटाने ओढून पाहिले. कोपऱ्यातसुद्धा लाली नव्हती.

"स्वच्छ आहेत वहिनी. पांढरेशुभ्र."

"नीट बघितलंत?"

"बघितलं."

"पुन्हा एकदा बघा," येसूवहिनी म्हणाल्या. दुर्गा हलली नाही. तव्यावरची भाकरी करपू लागली होती तरी ती तशीच मान वर करून बसली, आणि मी पुन्हा एकदा पाहिले.